दावं तुटलेले शब्द

वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसणाऱ्याला शब्दांची चिकित्सा करायला सवड नसते. पान सोडायची वेळ झालेली असते, दोन कॉलमाच्या मथळ्यात जो शब्द बसेल तो आपला. डंपर बेलगाम, कुत्री मोकाट, कारभार मनमानी आणि संचालक मंडळ निरंकुश. कोल्हापुरात माझी सगळी नोकरी याच चार-पाच शब्दांच्या आधारानं झाली, असं म्हटलं तरी चालेल. एकदा नव्यानं रुजू झालेल्या एका मुलीनं विचारलं, "सर, बेलगाम घ्यायचा की निरंकुश?" मी घड्याळाकडं बघत म्हणालो, "दोन्ही चार अक्षरी. कुठलाही घे." तिनं 'निरंकुश' घेतला, पान गेलं. बातमी कुणाबद्दल होती ते आता आठवतही नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र त्या चार अक्षरांकडं नीट बघायला वेळ मिळाला. लगाम घोड्याचा, अंकुश हत्तीचा. म्हणजे बेलगाम माणूस म्हणजे उधळलेलं घोडं आणि निरंकुश माणूस म्हणजे अंकुश नसलेला हत्ती. इथवर कुणीही सांगेल. पण याच कामासाठी मराठीत आणखी कुठले शब्द आहेत ते आठवत गेलो, तेव्हा मजा यायला लागली. 'उद्दाम' घ्या. उत् अधिक दाम. दाम म्हणजे दोरी, जी यशोदेनं कृष्णाच्या पोटाला बांधली आणि त्याचं नाव दामोदर पडलं. आपल्या गोठ्यातलं दावं हे त्याच दामाचं लेकरू. म्हणजे उद्दाम कोण, तर ज्यानं दावं तोडलंय तो. 'उच्छृंखल' म्हणजे शृंखला तोडलेला, आणि या शृंखलेचीच पुढं साखळी झाली. 'बेबंद' तर उघडाच आहे, ज्याला बंद नाही तो. घोडा, हत्ती, बैल, सगळा तबेला आणि सगळा गोठा या शब्दांत उभा आहे.

(बेलगाम हा शब्द आमच्या भागात जरा जपून वापरावा लागतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या बेळगावाला कुणी 'बेलगाम' म्हटलं, की माणसं अजून कान टवकारतात. त्या गावाचा लगामाशी काही संबंध नाही, नाव वेणुग्रामावरून आलेलं. पण वादाला तेवढं पुरतं.)

मला यात लक्ष वेधून घेणारी गोष्ट वेगळीच वाटते. ज्या सत्तेला काही मर्यादाच नाही, तिला नाव देताना आपली भाषा त्या सत्तेत काय आहे ते सांगत नाही. काय नाही ते सांगते. अंकुश नाही, लगाम नाही, बंद नाही, दावं नाही. अनियंत्रित, अनिर्बंध, अमर्याद हे पोथीतले शब्दसुद्धा 'अ' लावून तेच करतात. जणू सत्ता म्हणजे मुळात बांधलेलीच वस्तू असते, आणि ती सुटली तर कुणीतरी कुठंतरी गाठ नीट मारलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. शाळेत 'अनियंत्रित राजेशाही' हा शब्द घोकताना फ्रान्सचा चौदावा लुई डोळ्यांपुढं यायचा. त्या राजेशाहीला इंग्रजीत ॲब्सोल्यूट म्हणतात, आणि तो शब्दही लॅटिनमधल्या 'सोडवलेला, सुटा केलेला' या अर्थाच्या क्रियापदातून आलेला. रोमन कायद्यात एक प्रसिद्ध वचन आहे, सम्राट कायद्यांपासून सुटा असतो. म्हणजे तिकडंही दावंच सुटलेलं.

मग वाटलं, अरबी-फारसीतून आलेले दणकट शब्द तरी वेगळे असतील. हुकूमशाही या शब्दाला कसा दरारा आहे! हुकूम, हाकीम, हुकूमत, महकमा, सगळे एका धातूचे. पण अरबी कोशकार या धातूचा एक जुना अर्थ देतात, तो म्हणजे आवरणं, रोखणं. त्याच धातूचा एक शब्द घोड्याच्या लगामाच्या जबड्याभोवती बसणाऱ्या भागाला आहे. हिकमत, म्हणजे शहाणपण, हेही त्याचंच भावंड. तेव्हा हुकूम म्हणजे मुळात आवर घालणं, आणि हुकूमशहा म्हणजे असा गडी की ज्याच्या नावातच लगाम आहे पण तो दुसऱ्यांच्या तोंडात घातलेला. सुलतान हा शब्दही आधी माणसाचा नव्हता. अधिकार, सत्ता असा त्याचा भाववाचक अर्थ होता, पदवी नंतर झाली. आपल्या शेतकऱ्यानं मात्र त्याला बरोबर जागा दाखवली. आभाळातून येतं ते अस्मानी, सरकारातून येतं ते सुलतानी, आणि जुन्या कौलकरारांत दोन्ही संकटं एकाच दमात लिहिलेली असतात.

जाता जाता एक गंमत. ग्रीकांचा 'डेस्पॉट', म्हणजे जुलमी सत्ताधीश, आणि आपल्या लग्नपत्रिकेतलं 'दांपत्य' हे सख्खे चुलत. दोन्हीच्या मुळाशी 'घराचा धनी' आहे. वेदातला दंपती हा एकटा घरधनीही असू शकतो. त्यांच्याकडं धनी एकटाच राहिला, आपल्याकडं शेजारी धनीण बसली. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "बसून काय उपयोग झाला?"

आता हत्तीकडं येतो, कारण कोल्हापुरात बसून अंकुशावर लिहायचं आणि साठमारी वगळायची हे शोभणारं नाही. मंगळवार पेठेतलं साठमारीचं मैदान नव्या पोरांना फक्त पत्ता म्हणून माहीत आहे. 'साठमारीजवळ ये' म्हणतात, तिथं काय चालायचं ते सांगता येत नाही. शाहू महाराजांच्या काळात तिथं हत्तीचा खेळ व्हायचा. मस्तीला आलेला हत्ती रिंगणात सोडायचा आणि पायी चालणाऱ्या साठमारांनी त्याला डिवचायचं, अंगावर घ्यायचं, मग पळत जाऊन आडोशाच्या बुरुजात शिरायचं. त्या बुरुजांची दारं अरुंद. माणूस आत जाईल, हत्ती जाणार नाही. सगळ्या खेळाचं तंत्र त्या दाराच्या रुंदीत होतं.

मस्ती हा शब्द आम्ही दिवसातून दहादा वापरतो. 'लई मस्ती आलीया व्हय रं?' हा प्रश्न कोल्हापुरात बापानं पोराला, मास्तरानं विद्यार्थ्याला आणि तालमीत वस्तादानं पठ्ठ्याला विचारलेला असतो. हत्तीच्या बाबतीत मस्ती ही नुसती खोडी नव्हे. नर हत्तीच्या डोळा आणि कानाच्या मधे एक ग्रंथी असते, त्या काळात तिथून मद गळतो, अंगातली नरपणाची रसायनं कित्येक पटींनी वाढतात आणि रोजचा शहाणा हत्ती स्वतःच्या माहुतालाही ओळखेनासा होतो. 'माज' हा शब्दही याच मदाच्या घराण्यातला, मद, माद्यति, मग प्राकृतातून माजणं. 'सत्तेचा माज' असं आपण सहज म्हणून जातो, पण त्यातही हत्तीच उभा आहे, गंडस्थळ ओलं झालेला.

अशा हत्तीला अंकुश चालत नाही. त्याला साखळदंडानं बांधून ठेवतात आणि माज उतरायची वाट बघतात.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तरी चाललं असतं, पण कळलं ते एका घरी. माझ्या ओळखीच्या एका पैलवानाच्या घरात भिंतीला जुना अंकुश टांगलेला आहे. त्यांच्या घराण्यात कुणी तरी माहूत होतं. मी तो खाली काढून हातात घेतला. दीड हाताचा असेल नसेल. दांडा धरून धरून गुळगुळीत झालेला, टोकाला भाल्यासारखं एक सरळ अणकुचीदार पातं आणि त्याच्या कुशीतून बाहेर वळलेला एक आकडा. सरळ टोक पुढं ढकलायला, आकडा मागं ओढून थांबवायला. एकाच लोखंडात दोन्ही आज्ञा. 'अंकुश' हा शब्द मुळात वाकडेपणातून आला, आकडा असलेला तो अंकुश. जहाजाच्या अँकरचं मूळही तेच. वजन मात्र मला अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटलं. कित्येक टनांच्या जनावराला हे काय करणार?

घरातले म्हातारबाबा खाटेवरून बघत होते. म्हणाले, "त्येनं हत्ती आवरत न्हाई वो. हत्ती आवरतोय माहुताच्या पायानं. कानामागं अंगठा लावला की त्येला कळतंय कुटं वळायचं ते. ह्यो नुसता दावायला."

"आणि पायाला दाद नाही दिली तर?"

"मग ह्येलाबी देत न्हाई."

मी तुकोबांचा ऐरावत ऐकत वाढलेला माणूस. मोठेपण आलं की अंकुशाचा मार खावा लागतो, म्हणून लहानपण मागायचं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. म्हातारबाबांनी त्याला एक वेगळीच बाजू लावून दिली. मार खाल्ला तरी हत्ती थांबतो तो त्यानं थांबायचं मान्य केलंय म्हणून. अंकुश ही त्या मान्यतेची खूण. आणि मग गणपती आठवला. अथर्वशीर्ष पाठ असणारा प्रत्येक जण 'पाशमंकुशधारिणम्' म्हणत पुढं जातो. ज्याला हत्तीचं डोकं आहे त्यानंच अंकुश आणि पाश आपल्या हातात धरलेत, हे कितीदा आपल्या लक्षात येतं? ज्ञानेश्वर त्या अंकुशाला 'नीतिभेदु अंकुशु' म्हणून मोकळे झाले. माहूत वर बसवायची गरज नाही, आपला अंकुश आपणच वागवायचा. देवाला जमलं असेल. बाकीच्यांचं काय?

बाकीच्यांत आमच्या गादीचा इतिहास मोठा बोलका आहे. करवीरचा, म्हणजे कोल्हापूरचा, राजा म्हणजे लोकांच्या लेखी सर्वाधिकारी. प्रत्यक्षात १८६२ च्या करारानं महत्त्वाच्या बाबींत इंग्रज सरकारच्या सल्ल्यानं वागायचं त्याच्यावर बंधन आलं. पुढं चौथ्या शिवाजी महाराजांची अवस्था तर अशी झाली की छत्र डोक्यावर आणि कारभार दिवाणाच्या हाती. त्यांना वेड लागलंय असं सरकार म्हणे, त्यांचा छळ होतोय असं लोक म्हणत. या प्रकरणात दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध 'केसरी' आणि 'मराठा' यांनी पत्रं छापली, ती बनावट निघाली, आणि टिळक-आगरकरांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. महाराज पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ ला, अहमदनगरच्या किल्ल्यात गेले, एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर. सगळ्या राज्याचा धनी, आणि स्वतःच्या खोलीचं दार त्याच्या हातात नाही. 'निरंकुश सत्ता' असं म्हणताना ती नेमकी कुणाकडं होती हे आधी विचारावं लागतं. सिंहासनावर बसलेल्याकडं असतेच असं नाही.

आणि मग शाहू महाराज. कोल्हापूरकराला इथं सरळ बोलता येत नाही, मलाही येत नाही. २ एप्रिल १८९४ ला त्यांनी राज्याधिकार घेतले. २६ जुलै १९०२ चा हुकूम निघाला तेव्हा ते विलायतेत होते. इथून पुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांतून भरायच्या. त्यासाठी कुठल्या सभागृहात ठराव झाला नाही, मतदान झालं नाही, समिती नेमली नाही. नुसता हुकूम. अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा घेतला, बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. तिथं तर हुकूमही नव्हता. राजानं प्यालाय म्हटल्यावर सरदार नाही कसं म्हणणार?

म्हणून आमच्या गावाची एक खोड आहे. पंचगंगेचा पूर असो, रस्त्यातला खड्डा असो, थेट पाइपलाइनचं पाणी असो, कट्ट्यावर कुणीतरी म्हणतोच, "महाराज असते तर एका दिवसात झालं असतं." मीही म्हटलंय. त्या वाक्याच्या पोटात काय दडलंय ते मात्र बोलणाऱ्याला दिसत नाही. आपल्याला चांगला हत्ती पाहिजे, अंकुश नको. महाराजांना अंकुश नव्हता असं तरी कुठं होतं? वर इंग्रजांची एजन्सी होती, आत वेदोक्त प्रकरणापासून, म्हणजे राजघराण्याच्या विधींना वेदमंत्र नाकारले तिथपासून, अंगावर आलेला विरोध होता, आणि त्यांचा स्वतःचा एक होताच, तो विकत मिळत नाही. आणि हेही विसरतो की महाराज १९२२ मध्ये गेले, आणि १९३९ मध्ये याच मुलखातल्या माणसांनी प्रजापरिषद काढून जबाबदार राज्यपद्धती मागितली. पुढारी माधवराव बागल, शाहूंवर जीव असलेला माणूस. त्यांना चांगल्या राजाची आठवण ताजी होती, तरी त्यांनी दुसऱ्या चांगल्या राजाची वाट बघत बसायचं नाकारलं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. माझ्या मते प्रजापरिषदेची माणसं कट्ट्यावरच्या आम्हा सगळ्यांपेक्षा शाहूंना जास्त समजलेली होती. यावर वाद घालायला कुणी आला तर मी बसायला तयार आहे, चहा त्याचा.

विलीनीकरणानंतरचा शब्द 'सार्वभौम'. उद्देशिकेत तो अगदी सुरुवातीलाच येतो, शाळेच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानांवर छापलेला असतो. सगळ्या भूमीवर सत्ता असलेला तो सार्वभौम. अमरकोशात आठ दिग्गजांची, म्हणजे आठ दिशांच्या हत्तींची, नावं आहेत, पूर्वेचा ऐरावत सगळ्यांना ठाऊक. उत्तरेच्या दिग्गजाचं नाव सार्वभौम. घटनेचा अनुवाद करणाऱ्यांच्या मनात तो हत्ती नक्कीच नसणार. मला मात्र तो आता दिसल्याशिवाय राहत नाही, आणि पुढची सगळी कलमं म्हणजे त्याच्या कानामागचे अंगठे वाटतात.

एवढं सगळं जुळवून झाल्यावर असं वाटलं की आता या विषयात सापडण्यासारखं काही राहिलं नाही. तेवढ्यात आत्याचं काम निघालं. आत्या कागल तालुक्यात एकटी राहते, गुडघे गेलेत, दर वेळी तलाठ्याकडं नि कोर्टात जाणं जमत नाही. ठरलं की थोरल्या भाच्याच्या नावानं कुलमुखत्यारपत्र करायचं. सत्तेच्या शब्दांत हा सगळ्यात घरगुती. कुल म्हणजे सगळं. मुखत्यार, अखत्यार हे अरबीतल्या निवडीच्या शब्दातून आलेले, ज्याला निवड करायचा हक्क आहे तो मुखत्यार. 'तुझी खैर नाही' मधली खैरही त्याच धातूची. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर आत्या बसलेली, पदर डोक्यावर, हातात चष्म्याचं घर. वकिलांनी मजकूर वाचून दाखवायला सुरुवात केली. सदर मिळकतीची विक्री करणे, गहाण देणे, भाडेपट्ट्याने देणे, रक्कम स्वीकारणे, पावती देणे, दावे दाखल करणे, तडजोड करणे.

आत्यानं मधेच हात वर केला. "कुल म्हंजे समदं?"

"होय काकू, समदं."

"मग माज्याकडं काय ऱ्हातंय?"

वकील तरुण होते, पण चांगले होते. हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही हे कधीही रद्द करू शकता. तो अधिकार तुमच्याकडंच राहतो. आणि तुम्ही आहात तोवरच हे चालतं. तुमच्यामागं हा कागद आपोआप संपला."

आत्या जरा वेळ गप्प बसली. भाचा शेजारी उभा होता, गुणी पोरगा आहे, तोही गप्प. मग तिनं विचारलं, "रद्द करायला हितंच यायला लागंल?"

"होय, इथंच."

"ह्या गुडघ्यानं?"

वकिलांना यावर काही सुचलं नाही. आत्यानं मजकुराची पानं माझ्याकडं सरकवली आणि विहीर कुठल्या गटात लिहिलीय ते बघायला सांगितलं. मी बघितलं, दाखवलं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वकिलांना म्हणाली, "ह्यो गट तेवडा काढा ह्यातनं. बाकी समदं त्येला द्या." भाचा म्हणाला, "आत्या, विहिरीशिवाय रानाचं काय करू मी?" ती म्हणाली, "पाणी पायजे असलं की यील की माज्याकडं. तेवढंच येणंजाणं ऱ्हातंय."

दुपारपर्यंत मसुदा नव्यानं टाइप झाला, विहिरीचा गट वगळून. वरचं नाव तेच राहिलं, कुलमुखत्यारपत्र.